मानमोडीच्या साथीतील शिपाई

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या मागील स्मरणिका चाळीत बसले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. दिवंगत ज्ञातिबांधवांच्या छायाचित्रांखाली परिचयाच्या ज्या दोन-चार ओळी असतात, त्यांत ‘पोलीस खात्यात इमानेइतबारे सेवा केली’ हे वाक्य वारंवार येते. कोणी हवालदार, कोणी जमादार, कोणी फौजदार, तर कोणी पिढीजाद पोलीस पाटील. त्यांपैकी दरोडेखोरांचा पाठलाग करताना कोणी कामी आला असेल, तर त्याची कथा घरातील लहान मुलासही तोंडपाठ असते. परंतु साथीच्या दिवसांत चौकीवर उभा असताना ज्याला हुडहुडी भरली, पहारा पुरा करून जो बिऱ्हाडी आला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ज्याचे प्रेत बाहेर निघाले, त्याची कथा कोणी सांगत नाही. तो कामी आला असे न म्हणता ‘तापाने वारला’ असे म्हणतात. प्रस्तुत लेख अशा शिपायांविषयी आहे.

ही साथ म्हणजे सन १९१८ ची. जगात तिला ‘स्पॅनिश फ्लू’ म्हणतात. स्पेन महायुद्धात तटस्थ असल्यामुळे तेथील वृत्तपत्रांना आजाराच्या बातम्या छापण्याची मोकळीक होती, आणि त्या मोकळिकीचे फळ म्हणून बिचाऱ्या स्पेनच्या माथी हा रोग कायमचा बसला. आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींना हे परदेशी नाव ठाऊक नव्हते. ते या साथीस ‘मानमोडी’ म्हणत. मान, पाठ, सांधे मोडून काढणारा ताप, ती मानमोडी. रोगाचे लक्षण आणि त्याने केलेला संहार ही दोन्ही त्या एका शब्दात आली आहेत.

आज पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत जो कारखान्यांचा सलग पट्टा दिसतो, त्याचा त्या काळी मागमूसही नव्हता. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चिखली, मोशी ही सारी हवेली तालुक्यातील शेतकरी गावे. चिंचवडला मोरया गोसावींचे देवस्थान, शेजारी देहू व आळंदी ही वारकऱ्यांची क्षेत्रे. खेड तालुक्यातील चाकणची ख्याती १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाशी लढविलेल्या भुईकोट किल्ल्यामुळे. जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. त्यामुळे घरातील एक भाऊ शेतावर ठेवून दुसऱ्याने रेल्वेने मुंबई गाठावी व गिरणीत, गोदीत किंवा पोलिसांत भरती व्हावे, हा मावळातील व खेडकडील अनेक घरांचा क्रम होता. मुंबई शहराच्या पोलिसांत कोकणातील, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातील, मराठी शिपायांचा भरणा फार मोठा होता. त्याखालोखाल घाटावरची माणसे असत. बोरघाटातून येणारी आगगाडी लोणावळा, तळेगाव, चिंचवड, खडकी अशी स्थानके घेत पुण्यास पोहोचे. त्या गाडीने पगाराचे पैसे गावी येत. १९१८ साली त्याच गाडीने तापही आला.

या साथीच्या हिंदुस्थानातील इतिहासाचा आरंभच मुळी पोलीस शिपायांपासून होतो, हे आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल. मे १९१८ च्या अखेरीस मुंबई बंदरात एक जहाज लागले. युद्धाचे दिवस असल्याने मेसोपोटेमिया व युरोपकडील सैनिकांची ये-जा अखंड चालू होती. १० जून १९१८ रोजी मुंबई पोलिसांचे सात शिपाई तापाने फणफणून पोलीस इस्पितळात दाखल झाले. त्यांच्यात गोदीवर पहाऱ्यास असलेला शिपाई होता. पावसाळ्याच्या तोंडाशी मुंबईत हिवताप नवा नव्हे. पण हा ताप हिवतापाचा नाही हे डॉक्टरांच्या ध्यानात आले. त्यानंतर दहा दिवसांच्या आत जहाज कंपनीच्या कचेरीत, पोर्ट ट्रस्टमध्ये, बँकेत, तारखात्यात, टांकसाळीत आणि गिरणीत माणसे एकामागून एक अंथरुणास खिळू लागली. मुंबईचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांनी पुढे या सर्व घटनांचा तारीखवार मागोवा घेतला. जहाजाने रोग आणला असे त्यांचे मत होते, तर जहाजावरील लोकांना तो मुंबईतच जडला असे म्हणणारेही सरकारात होते. हा वाद कोणाच्याही बाजूने सुटो, आरंभी ते सात शिपाई आहेतच.

त्यांचा उल्लेख मात्र ‘सात शिपाई’ असा केवळ संख्येने होतो. आरोग्याधिकाऱ्याचे नाव इतिहासात आले, जहाज कंपनीचे व गिरणीचे नाव आले. शिपायांचा फक्त आकडा आला. त्या दलाची घडण पाहता या सातांत कोकणचा कोणी, साताऱ्याचा कोणी, आपल्या मावळचा कोणी असला तर नवल नाही. बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक माणसासमोर प्रथम उभा राहतो तो शिपाई. जहाजावरून कोण उतरले हे पाहण्यासाठीच सरकारने त्याला तेथे उभे केलेले असते. जे उतरले ते डोळ्यांस दिसणारे नव्हते आणि ते अडविण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती नव्हते. त्याची हातातील काठी काय कामाची?

जून-जुलैची ही पहिली लाट तशी सौम्य होती. माणसे आजारी पडली फार, दगावली त्या मानाने थोडी. शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. खरा घात झाला तो सप्टेंबरात. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. दख्खनच्या पठारावर खरिपाची पिके वाळून गेली होती, युद्धामुळे धान्य आधीच महाग झाले होते, आणि अर्धपोटी राहिलेल्या जनतेवर मानमोडी दुसऱ्यांदा कोसळली. शके १८४० च्या भाद्रपद वद्य पक्षात, म्हणजे ऐन पितृपक्षात, तिने जोर धरला. ६ ऑक्टोबर रोजी एकट्या मुंबई शहरात ७६८ माणसे मृत्यू पावली. पितरांना पिंड देण्यास जे बसले होते, त्यांतील कितीएक त्याच पंधरवड्यात स्वतः पितर झाले. मुंबईहून ही लाट रेल्वेच्या वाटेने पुण्यास व तेथून खेडोपाडी पसरली. मुंबई इलाखा आणि मध्यप्रांत-वऱ्हाड हे या देशातील सर्वांत अधिक होरपळलेले प्रांत ठरले. इलाख्यातील मृतांची संख्या दहा लाखांवर गेली.

या रोगाचा एक विलक्षण स्वभाव होता, आणि पोलिसांच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. पडसे-खोकल्याची साधारण साथ येते तेव्हा ती बालके व वृद्ध यांना नेते. मानमोडीने वीस ते चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसांना वेचून नेले. पोलिसांत भरती होते ती नेमकी याच वयाच्या माणसांची. छाती मोजून, उंची पाहून, धावायला लावून सरकारने जे निवडून घेतले होते, तेच या रोगाचे पहिले भक्ष्य ठरले. शिवाय त्यांचे राहणे कसे, तर पोलिसांच्या चाळीत एका खोलीत चार-सहा जण, किंवा चाळ न मिळाल्यास शहरातील भाड्याच्या खोलीत गावकऱ्यांच्या दाटीवाटीने. रात्रपाळीचा शिपाई उठून गेला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर अंग टाकणार. एकास ताप आला की सगळ्या खोलीस येणार, हे सांगण्यास वैद्य नको.

कामाचे स्वरूपही असे की त्यातून सुटका नाही. वकिलाने कोर्टास जाणे टाळले, दुकानदाराने फळ्या लावल्या, शाळा बंद पडल्या, तरी ठाण्याचे दार बंद होत नाही. बाजारातील व धान्याच्या दुकानांवरील बंदोबस्त, रेल्वे स्थानकांवरची गर्दी, बेवारशी प्रेतांचा पंचनामा व त्यांची विल्हेवाट, ही सारी कामे साथीच्या दिवसांत कमी न होता वाढली. एका शिपायाने अंथरूण धरले म्हणजे त्याचा पहारा दुसऱ्यास करावा लागे, आणि तो दुसरा अंगात कणकण असतानाच उभा राही. त्या काळच्या डॉक्टरांपाशी या रोगावर खरे औषध नव्हतेच. ताप उतरल्यावरही काही दिवस अंथरुणातून उठू नये, हा त्यांचा सर्वांत मोलाचा सल्ला होता. पहाऱ्याच्या माणसास तो पाळता येण्याजोगा नव्हता. पहिला ताप ओसरतो, माणूस ‘बरा आहे’ म्हणून कामावर जातो, आणि मग छातीत कफ दाटून फुफ्फुसदाह होतो, असाच या रोगाचा क्रम असे.

येथे विषय किंचित सोडून एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १९१८ साली मेलेल्यांपैकी बहुतेकांचा प्राण मूळ विषाणूने न जाता त्यामागून फुफ्फुसांत शिरलेल्या जंतूंमुळे गेला, असे पुढील संशोधनाने दाखविले. त्या काळी शास्त्रज्ञांनाही खरा शत्रू ठाऊक नव्हता. फायफर नावाच्या जर्मन पंडिताने १८९२ साली वर्णिलेल्या एका जंतूवरच पुष्कळांचा संशय होता. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती लागला तो १९३३ साली, लंडनमध्ये. त्यामागून शिरणाऱ्या जंतूंवर चालणारे पेनिसिलीन १९२८ साली फ्लेमिंगला सापडले, आणि आपल्या देशात त्याचे उत्पादन करण्यासाठी सरकारी कारखाना निघाला तो १९५४ साली पिंपरीत! हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या त्या कारखान्यास जागतिक आरोग्य संघटनेचे व युनिसेफचे साहाय्य होते. ज्या गावांतील तरुण छातीत कफ दाटून मेले, त्याच गावांच्या माळावर छत्तीस वर्षांनी त्या कफावरच्या औषधाचा कारखाना निघाला. आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांची चूल याच औद्योगिक वसाहतीवर पेटली आहे. कारखान्याच्या भोंग्यावर ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना आपल्या आजोबांच्या मृत्यूशी त्या बाटलीचे नाते आहे हे कोणी सांगितले नसेल.

शहरातील शिपायाकडून आता गावाकडे वळू. मुंबईच्या १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने गावच्या बंदोबस्ताचा भार पोलीस पाटलावर टाकला होता. त्याला गणवेश नव्हता, चाळ नव्हती आणि पगार म्हणावा असाही नव्हता. वतन होते व मान होता. त्याच्या हाताखाली जागल्या रामोशी व वेसकर महार. गावात कोण जन्मले व कोण मेले, याची वर्दी याच गावकामगारांमार्फत तालुक्यास जात असे. तेव्हा देशाच्या मृत्युसंख्येचा जो प्रचंड डोलारा सरकारी अहवालांत दिसतो, त्याचा पाया चावडीवर बसलेल्या या माणसांनी लिहविलेल्या ओळींचा आहे.

मानमोडीने तो पायाच हलविला. जो मृत्यू मोजावयाचा तो मोजणाऱ्याच्याच घरात शिरला. पाटील अंथरुणात, कुलकर्ण्याच्या घरी सुतक, आणि वर्दी घेऊन तालुक्यास जाणारा महार वाटेतच तापाने बसलेला. मग नोंद करावी कोणी? केली तरी कोणत्या सदराखाली? पटकी, देवी, प्लेग यांना नोंदवहीत स्वतंत्र रकाने होते; या नव्या रोगास रकाना नव्हता. म्हणून मानमोडीचे बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एका सदरात जाऊन पडले. पुढे नेहमीच्या वर्षापेक्षा तापाचे मृत्यू किती वाढले याची वजाबाकी करून सरकारला आकडा काढावा लागला. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर मेजर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ साली साठ लाखांचा अंदाज दिला. १९२१ ची खानेसुमारी झाल्यावर तो अंदाज फार अपुरा असल्याचे उघड झाले व आकडा सव्वा कोटीच्या घरात गेला. नोंदणीची यंत्रणा कोलमडली होती, हे खानेसुमारीच्या अधिकाऱ्यांनीही मान्य केले. किंग्स्ले डेव्हिस यांनी १९५१ साली तो एक कोटी पंच्याऐंशी लाखांवर नेला. अलीकडचे काही संशोधक एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास थांबतात. साठ लाख आणि पावणेदोन-दोन कोट यांमध्ये जे अंतर आहे, त्याचे मोठे कारण चावडीवरील तो आजारी मनुष्य होय. त्याने कामचुकारपणा केला असे म्हणणाऱ्याने त्याच्या घरातील त्या महिन्याची स्थिती डोळ्यांपुढे आणावी.

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत लिहीत असताना आणखी एक हिशेब लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुंबई शहरात मृत्यूची मोजणी जातवार व धर्मवार झाली होती. त्यात तेव्हा ‘खालच्या’ गणलेल्या हिंदू जातींत दर हजारी ६१.६ माणसे मेली. इतर हिंदूंत १८.९; युरोपियनांत ८.३. विषाणूला जात कळत नाही. परंतु खोली केवढी, नळ किती दूर, पोटात अन्न किती आणि आजारात कोणी पाणी पाजावयास आहे की नाही, हे जातीवरून ठरत होते. पाटलाची वर्दी पायी पोहोचविणारा जो महार, त्याच्या मरणाची वर्दी सर्वांत शेवटी गेली असणार. आपण आपल्या शिपायांची आठवण काढीत असताना, त्याच ठाण्याच्या व त्याच चावडीच्या आश्रयाने राबणारा हा वर्ग विसरला गेला, तर आपणही त्या नोंदवहीचीच चूक पुन्हा करू.

आता कोणी विचारील की, एवढा मोठा संहार झाला तर त्याची स्मृती कशी राहिली नाही? चिंचवडच्या माणसाला साथ म्हटले की प्लेग आठवतो, आणि ते स्वाभाविक आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या सोजिरांनी घरांच्या झडत्या घेतल्या, देवघरापर्यंत बूट नेले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, आणि चिंचवडच्या चापेकर बंधूंपैकी तिघेही, दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव, १८९८ व १८९९ या दोन वर्षांत फासावर गेले. त्या प्रकरणात पोलीस होता तो लोकांच्या विरुद्ध बाजूस. पुणेकरांवर जादा पोलिसांचा खर्चही लादण्यात आला. त्यामुळे साथ व पोलीस हे दोन शब्द एकत्र आले की आमच्या मनात उभा राहतो तो झडती घेणारा पोलीस. मानमोडीत झडत्या नव्हत्या. सरकारने कोणाच्या घरात पाऊल टाकले नाही. खरे म्हणजे सरकार कोठे दिसलेच नाही, अशी त्या वेळी लोकांची तक्रार होती. मुंबईत नारायण मल्हार जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांच्या स्वयंसेवकांनी औषधे व दूध घरोघर पोहोचविले. अन्याय झाला की त्याचा इतिहास होतो. नुसतेच मरण आले तर त्याची तिथी तेवढी राहते. शिवाय प्लेग वर्षानुवर्षे फिरून फिरून येत राहिला, आणि मानमोडी दहा-बारा आठवड्यांत आपले काम उरकून निघून गेली. घरच्या दुःखाला घरच्याच भिंती राहिल्या.

हे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. त्याच शरद ऋतूत लंडनमध्ये एकाच वेळी हजारावर पोलीस आजारी होते. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराच्या पोलिसांचे तोंडावर पांढरी फडकी बांधून रस्त्यात उभे असलेले छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. सॅन फ्रान्सिस्कोत तर तोंड न झाकणाऱ्यास पोलीस पकडून नेत. आमच्या मुंबईच्या शिपायाचे असे छायाचित्र कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

कामावर असताना आलेले मरण कोणते म्हणावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. गोळीच्या जखमेने मेला तो कामी आला, हे सर्वांस पटते. पण गोदीवर पहारा नसता तर ज्याला तो ताप लागलाच नसता, त्याचे काय? जखमेला साक्षीदार असतात, तापाला नसतात; म्हणून नियम जखमेकडे पाहतात. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान पडले. तेव्हापासून तो दिवस पोलीस स्मृतिदिन म्हणून देशभर पाळला जातो. दिल्लीस राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहून त्याचे उद्घाटन झाले तेही २१ ऑक्टोबर २०१८ रोजी. दिवस निराळ्या कारणाने ठरला, पण त्याच्या बरोबर शंभर वर्षांमागे त्याच ऑक्टोबरात मानमोडी दख्खनमध्ये घरे रिकामी करीत होती.

त्याच वर्षी, १५ ऑगस्ट २०१८ रोजी, पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय अस्तित्वात आले. चिंचवड, भोसरी, देहूरोड, आळंदी, चाकण ही ठाणी त्याच्या कक्षेत आली. पुढील दोन वर्षांच्या आत त्याला शतकातील सर्वांत मोठ्या साथीस तोंड द्यावे लागेल, हे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले कोविडचे रुग्ण पुण्यात आढळले, आणि महिनाअखेरीस कारखान्यांचे भोंगे थांबले. चाकणच्या वसाहतीतील परप्रांतीय कामगार डोक्यावर बोचकी घेऊन गावाकडे निघाले. नाक्यानाक्यावर त्यांच्यासमोर उभा राहिला तो पुन्हा शिपाईच. १९१८ मध्ये तरणे मेले, तर या वेळी वय झालेल्यांना धोका अधिक होता. म्हणून पंचावन्न वर्षांवरील पोलिसांनी घरी राहावे असा आदेश मुंबईत एप्रिल २०२० मध्ये निघाला. तरीही महाराष्ट्र पोलिसांतील शेकडो अधिकारी व शिपाई या साथीत दगावले. कर्तव्यावर असताना कोविडने मृत्यू आलेल्या पोलिसाच्या कुटुंबास पन्नास लाख रुपयांचे साहाय्य देण्याचे राज्य शासनाने जाहीर केले, आणि स्मृतिदिनी त्यांचे स्मरण झाले. पैसा प्रत्येक घरी किती लवकर पोहोचला हा निराळा विषय आहे. पण तापाने मेलेला शिपाईही कर्तव्यावर मेला, हे तत्त्व सरकारने उघडपणे मानले. त्या सातांपासून येथवर येण्यास एकशे दोन वर्षे लागली.

जे तत्त्व २०२० साली मान्य झाले, ते १९१८ च्या माणसांना लावण्यास कोणाची परवानगी लागत नाही. त्यासाठी फक्त नावे हवीत. सरकारी कागदांनी आकडे ठेवले, नावे घरांनी ठेवली आहेत. आपल्या ज्ञातीत श्राद्धतिथी पाळण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. पणजोबांचे श्राद्ध कोणत्या तिथीस करतात हे घरातील वृद्ध स्त्रीस विचारावे. ती तिथी भाद्रपद वद्य पक्षातील, आश्विनातील किंवा कार्तिकाच्या आरंभाची असेल, साल शके १८४० असेल, आणि मृत्यूच्या वेळी वय पंचविशी-तिशीचे सांगत असतील, तर तो मनुष्य बहुधा मानमोडीत गेला असे समजण्यास हरकत नाही. त्याच घरी त्याच महिन्यात दोन-तीन तिथ्या निघाल्या, तर शंका उरत नाही. कोणाच्या पेटीत पोलिसाचा पितळी बिल्ला, नोकरीचे पुस्तक किंवा पाटीलकीची सनद असेल. कोणाच्या कुलवृत्तान्तात ‘मुंबईस वारला’ एवढीच ओळ असेल. त्र्यंबकेश्वर वा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत त्यापुढील वर्षी अस्थी घेऊन कोण आले होते, तेही सापडेल.

एक सूचना येथेच करून ठेवतो. ज्या घरांतील अशी विधवा पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगली, तिचेही नाव सोबत लिहावे. नवऱ्याच्या मागे सासरी राहून, वाळलेल्या रानात मोलमजुरी करून तिने मुले वाढविली. त्यांतलाच एखादा मोठा होऊन पुन्हा पोलिसांत भरती झाला, अशी घरे आपल्यात एकापेक्षा अधिक आहेत.

नाव, गाव, ठाणे किंवा चावडी, तिथी, वय आणि घरात ऐकलेली एखादी गोष्ट, एवढे कागदावर लिहून कार्यालयात आणून द्यावे. तिथी पंचांगाच्या तारखेत बदलून घेण्याचे काम आमच्याकडे राहील. शके १८४० चे पंचांग मिळविले आहे.